‘कॅट’चे गुण तीन वर्षे ग्राह्य धरावेत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दर वर्षी ऑगस्ट महिना उजाडला की बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षातली काही मुले-मुली तास संपल्यावर माझ्या टेबलापाशी थांबतात आणि एकच प्रश्न विचारतात : ‘मॅडम, पदवी मिळाल्याबरोबर लगेच आयआयएमसारख्या संस्थेत जावे, की आधी दोन-तीन वर्षे नोकरी करावी?’ बार्शीत वाणिज्य शाखेला शिकवायला लागून मला बावीस वर्षे झाली. सुरुवातीची बरीच वर्षे मी या प्रश्नाला ठाम उत्तर देत असे. आधी काम करा, मग शिकायला जा, असे सांगत असे. आता तसे सांगताना माझी जीभ अडखळते, कारण विद्यार्थ्याने काय करावे हे त्याने किंवा मी ठरवण्याआधीच प्रवेश परीक्षेच्या एका नियमाने ठरवून टाकलेले असते, हे मला उशिरा का होईना उमगले आहे. त्या नियमाकडे आपल्या वाचकांचे आणि संबंधितांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

देशातील वीसहून अधिक भारतीय व्यवस्थापन संस्था (आयआयएम) आणि त्यांच्याखेरीज इतर अनेक संस्था ‘कॅट’ या सामाईक परीक्षेच्या गुणांवर प्रवेशाची पहिली चाळणी लावतात. २०२४ साली या परीक्षेसाठी सुमारे ३ लाख २९ हजार जणांनी नोंदणी केली आणि त्यांतील सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी ती प्रत्यक्ष दिली. परीक्षेला बसण्यासाठी पदवी आणि तीत ५० टक्के गुण पुरेसे असतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ही अट ४५ टक्क्यांची आहे. कामाच्या अनुभवाची अट नाही आणि पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांनाही अर्ज करता येतो. इथपर्यंत सारे उदार आहे. पुढचा नियम मात्र तसा नाही. या परीक्षेत मिळालेले गुण केवळ लगतच्या एका प्रवेशसत्रापुरते ग्राह्य धरले जातात. नोव्हेंबरात परीक्षा दिलेल्या मुलाने पुढच्या जूनमध्ये प्रवेश घेतला नाही, तर त्याच्या गुणपत्रिकेला कागदापलीकडे किंमत उरत नाही आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून परीक्षा द्यावी लागते.

अभियांत्रिकीच्या पदवीधरांसाठी आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था मिळून ‘गेट’ ही परीक्षा घेतात, तिचे गुण तीन वर्षे चालतात. परदेशातील व्यवस्थापन संस्थांना लागणाऱ्या ‘जीमॅट’चे गुण पाच वर्षे चालतात, परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशांसाठीच्या ‘जीआरई’चेही तितकीच वर्षे. ‘गेट’मध्ये विषयाचे ज्ञानही तपासले जाते, पण ‘कॅट’, ‘जीमॅट’ आणि ‘जीआरई’ या मुख्यतः माणसाची आकडेमोड, भाषेची जाण आणि तर्कशक्ती यांची मोजदाद करणाऱ्या परीक्षा आहेत, आणि एकविसाव्या वर्षी असलेली ही शक्ती बाविसाव्या वर्षी नाहीशी होत नाही, हे कोणीही मान्य करील. तरीही ‘कॅट’पुरती ती एका वर्षात नाहीशी झाली असे आपण का धरतो, याचे पटेल असे उत्तर मला आजवर कोणाकडूनही मिळालेले नाही.

हा नियम कोणाला कसा जाचतो, हे मोठ्या शहरांतल्या घरांत बसून कदाचित लक्षात येणार नाही, म्हणून एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. वडिलांची पिठाची गिरणी, आई शिवणकाम करणारी, धाकटा भाऊ शाळेत. तिचा अर्ज आम्ही महाविद्यालयाच्या संगणककक्षात बसून भरला. ‘कॅट’ नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते आणि विद्यापीठाच्या पाचव्या सत्राच्या परीक्षा त्याच सुमारास चालू असतात. शुक्रवारी ‘कॉस्ट अकाउंटिंग’चा पेपर देऊन ती शनिवारी रात्रीच्या एसटीने पुण्याला गेली आणि रविवारी तिने दोन तासांची ती परीक्षा दिली. जानेवारीत निकाल लागला तेव्हा तिला ९६ पर्सेंटाइल होते, म्हणजे दर शंभरांतल्या साधारण ९६ जणांच्या ती पुढे होती. आमच्या महाविद्यालयातून तोवर इतके कोणालाही मिळाले नव्हते. एका चांगल्या संस्थेकडून मुलाखतीचे बोलावणे आले, मुलाखत झाली आणि मे महिन्यात प्रवेशाचे पत्रही आले.

त्या पत्रासोबत शुल्काचा तक्ता होता. राहणे-खाणे धरून दोन वर्षांचा खर्च वीस लाखांच्या घरात जात होता. (अहमदाबादच्या संस्थेचे शुल्क तर आता २५ लाखांच्या पुढे गेले आहे.) नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला की बँका तारण न मागताही कर्ज देतात, आणि अभ्यासक्रम व त्यानंतरचे एक वर्ष हप्ता मागत नाहीत, हे मी त्यांच्या घरी जाऊन समजावून सांगितले. वडिलांनी सगळे शांतपणे ऐकले आणि हप्ता किती बसेल एवढेच विचारले. वीस लाख रुपये, नऊ टक्के व्याज, दहा वर्षे : महिन्याला साधारण २५ हजार ३०० रुपये. शिकत असतानाचे व्याज मुद्दलात चढले तर त्याहून जास्त. गिरणीचे महिन्याचे उत्पन्न त्याच्या निम्मेही नव्हते. मुलगी म्हणाली, ‘मी दोन वर्षे नोकरी करते, थोडे पैसे साठवते, काम म्हणजे काय ते बघते आणि मग जाते.’ इतका समंजस विचार मी त्या वयाच्या मुलांकडून क्वचितच ऐकला आहे. पण तिचा प्रवेश दोन वर्षे थांबणार नव्हता आणि तिचे गुण तर त्या डिसेंबरनंतर कुठेच चालणार नव्हते.

ती चाकणला वाहनांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका लहान कारखान्यात हिशेब विभागात लागली. पुढच्या दोन नोव्हेंबरांत तिने पुन्हा ‘कॅट’ दिली. सकाळी साडेसातला कंपनीची बस, संध्याकाळी साडेसातला खोलीवर परत, मार्चअखेरीला आणि लेखापरीक्षणाच्या दिवसांत तर रात्रीचे अकरा. पहिल्या वर्षी ९१, दुसऱ्या वर्षी ८८ पर्सेंटाइल. मधल्या काळात तिची बुद्धी कमी झाली, असे कोणी म्हणेल का? ती आता पुरवठादारांची देणी सांभाळते, जीएसटीची विवरणपत्रे भरते, ठेकेदाराच्या माणसांचे पगार वेळेवर का निघत नाहीत हे तिला नेमके ठाऊक आहे. व्यवस्थापनाच्या वर्गात जे शिकवले जाते ते घेण्यासाठी ती तेव्हापेक्षा आज कितीतरी अधिक तयार आहे, आणि नेमक्या आजच तिच्यासाठी दार बंद आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम स्पष्ट करायला हवी. प्रवेशाच्या यादीत केवळ ‘कॅट’चे गुण नसतात. दहावी, बारावी आणि पदवीचे गुण बहुतेक ठिकाणी मोजले जातात, आणि अनेक संस्था कामाच्या अनुभवालाही काही गुण देतात. दहावीला कोणा मुलाला ६८ टक्के पडले असतील तर ते जन्मभर ६८च राहतात. पदवी संपल्यावर विद्यार्थ्याच्या हातात वाढवण्यासारख्या दोनच गोष्टी उरतात : परीक्षेतले गुण आणि अनुभव. यांतली पहिली मिळवायला मोकळा वेळ आणि अभ्यासाची सवय लागते, जी महाविद्यालयात असताना सर्वांत जास्त असते. दुसरी मिळवायला तोच वेळ खर्चावा लागतो. गुणांना एकाच वर्षाचे आयुष्य ठेवून आपण या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या आहेत. ज्याच्या घरची परिस्थिती बरी आहे तो नोकरी सोडून सहा महिने शिकवणी वर्गाला बसतो आणि दोन्ही साधतो. ज्याच्या पगारावर घर चालते त्याला ते साधत नाही.

मग लगेच जाणाऱ्यांचे काय होते? माझे असेही विद्यार्थी आहेत आणि त्यांच्याबद्दल मला अभिमान आहे. त्यांतला एक जण एकविसाव्या वर्षी पदवी घेऊन थेट एका मोठ्या संस्थेत गेला. तिथल्या शिकवण्याचा गाभा ‘केस’ हा असतो. अहमदाबादची संस्था १९६१ साली उभी राहिली तेव्हा हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या सहकार्याने ही पद्धत तिच्याबरोबर आली आणि देशभर रुजली. एखाद्या कंपनीपुढचा खराखुरा पेच पंधरा-वीस पानांत मांडलेला असतो. आदल्या रात्री तो वाचायचा आणि वर्गात आपण तिथे असतो तर काय केले असते हे बोलायचे. या पद्धतीत शिक्षकाइतकेच शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याकडून शिकायचे असते. माझा विद्यार्थी मला म्हणाला होता की खेळत्या भांडवलावरच्या ‘केस’मधले सगळे गुणोत्तर त्याने अचूक काढले होते, पण तीन वर्षे पोलाद कारखान्यात काढलेला शेजारी उभा राहिला आणि वितरक पैसे का थकवतो, त्याला फोन कोणी करायचा, आणि माल थांबवला तर विक्री विभाग कसा अंगावर येतो हे सांगू लागला, तेव्हा आपल्याजवळ आकडे आहेत आणि त्या आकड्यांमागची माणसे नाहीत, हे त्याला कळले. पुन्हा जूनमध्ये प्रवेश आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उन्हाळी प्रशिक्षणासाठी कंपन्यांच्या मुलाखती, असा तिथला वेग. आपल्याला विपणन आवडते की वित्त, हे उमगण्याआधीच अर्धी वाट ठरून जाते. तो मुलगा आज उत्तम पदावर आहे, पण आधी एक-दोन वर्षे काम केले असते तर त्या दोन वर्षांतून याहून दुप्पट घेतले असते, असे तो स्वतः सांगतो.

असे असूनही लगेच जाण्याचा मार्ग बंद करा, असे मी म्हणणार नाही. किंबहुना तसे कोणी सुचवले तर मी त्याला विरोध करीन. त्याचे कारण मी मुलींना शिकवते. आमच्याकडे अनेक घरांत मुलीचे शिक्षण चालू आहे तोवर तिच्या लग्नाचा विषय थोपवता येतो, आणि शिक्षणात खंड पडला की स्थळे बघायला सुरुवात होते. ‘दोन वर्षे पुण्यात नोकरी करते आणि मग पुढे शिकते’ या वाक्यातल्या पहिल्या अर्ध्यालाच बापाची संमती मिळत नाही, दुसऱ्या अर्ध्यापर्यंत बोलणे पोचतच नाही. अशा मुलीसाठी तिसऱ्या वर्षातली ‘कॅट’ आणि जूनमधला प्रवेश हीच एक वाट असते. तिला कामाच्या अनुभवाचे महत्त्व पटवत बसणे हा निर्दयपणा होईल. काही मुलांना अभ्यासाची लय एकदा तुटली की ती पुन्हा सापडत नाही, त्यांनीही सरळ पुढे जावे. माझे म्हणणे एवढेच आहे की हा निर्णय घर, पैसा, वय आणि स्वतःचा कल पाहून घेतला जावा, गुणपत्रिका कालबाह्य होईल या धास्तीने घेतला जाऊ नये.

‘अनुभव’ या शब्दाबद्दलही थोडे लिहिले पाहिजे, कारण तो शब्द जिथे मोजला जातो तिथे आमच्या मुलांवर आणखी एक अन्याय होतो. प्रवेशाच्या अर्जात अनुभव म्हणजे सर्वसाधारणपणे पदवीनंतरची, पूर्णवेळ, पगाराची नोकरी. बार्शी ही तुरीची आणि डाळीची जुनी बाजारपेठ आहे. माझ्या वर्गात दर वर्षी अशी चार-दोन मुले असतात, जी बारा-तेरा वर्षांची असल्यापासून आडतीच्या दुकानात वडिलांच्या शेजारी बसलेली असतात. कोणत्या गावच्या तुरीत ओल जास्त असते, कोणत्या व्यापाऱ्याला उधार द्यायची आणि कोणाला रोखीने, सौदा कुठे थांबवायचा, हे त्यांना कळते. त्यांच्याजवळ पगाराची चिठ्ठी नसते, म्हणून अर्जातला तो रकाना कोरा राहतो. हे सारे गुणांत मोजणे अवघड आहे, हे मला कळते. पण मुलाखत घेणाऱ्यांनी कोऱ्या रकान्यावरून ‘हा अगदी नवखा’ असा निष्कर्ष काढण्याआधी घरी कोणता व्यवसाय आहे आणि तू त्यात काय करतोस, एवढे तरी विचारावे. आणि आमच्या मुलांनीही ते सांगायला लाजू नये. आडतीवर बसलो हे सांगताना मान खाली घालणारी मुले पाहिली की मला वाईट वाटते.

गुण अधिक काळ ग्राह्य धरण्याला दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की पर्सेंटाइल हे त्या-त्या वर्षीच्या उमेदवारांशी केलेल्या तुलनेतून निघते, त्यामुळे एका वर्षाचे ९५ आणि दुसऱ्या वर्षीचे ९५ सारखे मानता येणार नाहीत. हा आक्षेप खोटा नाही. परंतु ‘कॅट’ एकाच दिवशी तीन सत्रांत होते, तिन्ही प्रश्नपत्रिका वेगळ्या असतात आणि त्यांच्या काठिण्यपातळीतला फरक संख्याशास्त्राच्या आधारे समान पातळीवर आणला जातोच. ‘गेट’मध्ये एक हजारांपैकी गुण देऊन तीन वर्षांचे उमेदवार शेजारी-शेजारी ठेवले जातात. देशातले उत्तम संख्याशास्त्रज्ञ ज्यांच्या स्वतःच्या विभागांत शिकवतात, त्या संस्थांना ही गोष्ट अशक्य आहे, असे मानायला माझे मन तयार होत नाही. दुसरा आक्षेप असा की जुने गुण घेऊन येणाऱ्यांची गर्दी वाढेल. मला उलट दिसते. आज ज्यांचे गुण चांगले आहेत तेही केवळ मुदत संपली म्हणून दर वर्षी पुन्हा नोंदणी करतात, पुन्हा परीक्षेचे शुल्क भरतात, पुन्हा शिकवणी वर्गांचे पैसे भरतात. गुण टिकले तर ही पुनरावृत्ती कमी होईल.

परदेशातल्या मोठ्या संस्थांनी हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला आहे आणि तो पाहण्याजोगा आहे. तिथे व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गात येणारे बहुतेक विद्यार्थी चार-पाच वर्षे काम केलेले असतात. तरीही हार्वर्डने ‘टू प्लस टू’ या नावाने अशी सोय ठेवली आहे की विद्यार्थ्याने पदवीच्या शेवटच्या वर्षात अर्ज करायचा, निवड झाली की जागा राखून ठेवली जाते, आणि किमान दोन वर्षे काम करून मग त्याने वर्गात यायचे. स्टॅनफर्ड, कोलंबिया आणि एमआयटी यांच्याकडेही याच धर्तीच्या योजना आहेत. येलमध्ये तर पदवीनंतर थेट प्रवेश, एक वर्ष शिक्षण, मग काम आणि पुन्हा परत येऊन उरलेले शिक्षण, असा क्रम आहे. आपल्याकडे हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस आपल्या एक वर्षाच्या मुख्य अभ्यासक्रमासाठी दोन वर्षांचा अनुभव मागते. म्हणजे अनुभवाचे मोल सर्वांनाच मान्य आहे. विद्यार्थ्याला ऐन उमेदीत जागेची खात्री देऊन मग कामावर पाठवावे, ही गोष्ट मात्र आपल्याकडे तुरळक सवलत म्हणून नव्हे, तर अर्जाच्या पहिल्या पानावर छापलेला नियमित पर्याय म्हणून यायला हवी. चाकणच्या त्या मुलीला असे पत्र हातात मिळाले असते तर तिने दोन वर्षे निर्धास्तपणे काम केले असते, आणि तिच्या वडिलांनीही ते पत्र देवघरात जपून ठेवले असते.

आयआयएमचा कारभार त्या संस्थांच्या हाती आहे आणि त्यांनी हा विचार करावा, अशी विनंती या पत्राद्वारे करणे एवढेच माझ्यासारखीला शक्य आहे. परंतु एक परीक्षा आपल्या राज्याच्या हातातली आहे. महाराष्ट्रातल्या एमबीए आणि एमएमएस या व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या जागांसाठी राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष दर वर्षी सीईटी घेतो. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या, १९६५ पासून नावाजलेल्या आणि मोठ्या खासगी संस्थांच्या तुलनेत कितीतरी कमी शुल्कात शिकवणाऱ्या संस्थेचे दार मुख्यतः याच परीक्षेने उघडते. ग्रामीण महाराष्ट्रातल्या हुशार मुलासाठी ही वाट ‘कॅट’हूनही जवळची आहे. या सीईटीचे गुणही त्या एका वर्षापुरतेच चालतात. ते तीन वर्षे ग्राह्य धरण्याचा निर्णय घ्यायला राज्याला दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. तंत्रशिक्षण विभागाने आणि प्रवेश परीक्षा कक्षाने पुढच्या परीक्षेची माहितीपुस्तिका काढण्याआधी या सूचनेवर विद्यार्थी, महाविद्यालये आणि संस्था यांची मते मागवावीत आणि ती जाहीर करावीत.

तोपर्यंत माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगते, की तिसऱ्या वर्षात परीक्षा नक्की द्या, कारण तेव्हाइतकी तयारी पुन्हा होणे कठीण. प्रवेशाचे पत्र आले तर घरात बसून हप्त्याचा हिशेब करा. आणि थांबायचे ठरले तर नोकरी अशी शोधा, जिथे संध्याकाळचे दोन तास तुमचे राहतील. ती मुलगी येत्या नोव्हेंबरात चौथ्यांदा परीक्षेला बसणार आहे. कारखान्यातल्या तिच्या वरिष्ठांनी या वेळी तिला परीक्षेआधी आठ दिवसांची रजा मंजूर केली आहे.

आपली विश्वासू,
वाणिज्य विषयाची एक प्राध्यापिका,
बार्शी (जि. सोलापूर)